हॅमिल्टनच्या भिंतीवरचे महाराज

हॅमिल्टन, कॅनडा
७ ऑक्टोबर २००१

आदरणीय शालनआत्यास प्रियदर्शनीचा सप्रेम जय भीम.

पाकीट बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. म्हणजे नोकरी सोडून सगळं. कंपनीने आमच्यापैकी निम्म्यांना घरी बसवलंय. 'बसवलंय' म्हणायचं नाही, 'तुम्ही आता नव्या संधींसाठी मोकळे आहात' असं म्हणायचं. तर मी सध्या मोकळी आहे. पुण्याहून निघताना सगळ्या गल्लीने पेढे खाल्ले होते, त्यामुळे हे तिथं कुणाला सांगू नकोस.

वेळ जावा म्हणून दर शनिवारी एका मंडळात जाते. हे मंडळ इथल्या जुन्या धंदेवाईक कुस्त्यांचा इतिहास जपतं. केबलवर खुर्च्यांनी मारामारीची जी कुस्ती दिवसभर चालू असते ना, तिच्या आजोबांचा इतिहास. चर्चच्या तळघरात पाच-सहा म्हातारे बसतात, खोक्यांतून पोस्टरं, फाटके बूट आणि चकचकीत चड्ड्या काढतात आणि प्रत्येक चड्डीला नंबर देतात. त्यांना सगळं कॉम्प्युटरवर हवंय आणि एकालाही माऊस धरता येत नाही. म्हणून मी. कुठल्या गावात कोण कुणाशी लढला आणि कोण जिंकला, हे मी टाइप करते. सगळे निकाल आधी ठरवलेले, पण हे लोक ते दहावीच्या मार्कांसारखे तपासतात.

आता मुद्दा. काल एका खोक्यातून एक फोटो निघाला. तुरेवाली पगडी, जरीचा झगा, डोळे वटारलेले. खाली लिहिलंय, 'पूनाचे महाराजा'. पण त्या महाराजांचा डावा कान मुडपलेला आहे आणि हनुवटीवर खाच आहे. आत्या, हे आतोबा आहेत का? लहानपणी एवढंच ऐकलं होतं की आतोबा कॅनडात 'कुस्तीला' होते आणि हा विषय तुझ्यासमोर काढायचा नाही. मी काढलाय. आता रागावायचं ते रागाव.

तुझी
प्रियदर्शनी


मंगळवार पेठ, पुणे
२४ ऑक्टोबर २००१

प्रिय प्रियदर्शनी, जय भीम.

फोटो तुझ्या आतोबांचाच. पगडीवरचा तुरा कोंबड्याच्या पिसांचा आहे, तेवढं तुझ्या मंडळाला कळव. इतिहास जपताच आहेत तर नीट जपू देत.

लोणी काळभोरच्या महारवाड्यात जन्मलेला, छप्पन्न साली बापाबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला आणि मंगळवार पेठेतल्या तालमीत माती अंगाला लावलेला पोपट कोंडीराम ओव्हाळ मुंबईला फ्री-स्टाइल कुस्त्यांत गेला काय, तिथून एका पंजाबी ठेकेदाराने त्याला उचलून कॅनडात नेला काय आणि विमानातून उतरल्या उतरल्या तो महाराजा झाला काय! गावच्या विहिरीवर ज्याच्या घागरीला जागा नव्हती त्याच्या झग्याचा घोळ उचलायला तिथं दोन गोरे नेमलेले. आणि झगा उतरला की बाकीचे हजार गोरे अंगावर थुंकायचे. पाच वर्षं या गृहस्थांनी थुंकून घ्यायची नोकरी केली. मी इथं महापालिकेच्या शाळेत पाढे घोकून घेत होते आणि शेजारणींना सांगत होते, 'हे तिकडे व्यायामशिक्षक आहेत.'

चौऱ्याहत्तर साली अचानक परत आले. का, तर म्हणे मोसम संपला. मग खडकीच्या कारखान्यात चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. आता आवाज बंद करून टीव्हीवर तीच कुस्ती बघतात. विचारलं तर म्हणतात, 'आवाज कशाला, खोटंच बोलतात.' जसं काही उरलेलं खरं आहे.

आमच्या शाळेची जुनी दप्तरं उंदरांनी खाल्ली तेव्हा शिक्षणाधिकारी म्हणाले, उंदीर तरी काही शिकतील. तिकडे चड्ड्यांना नंबर. श्रीमंत देश आहे, चालायचंच.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. नंतर बघते तर आरशासमोर उभे राहून एक भुवई वर चढवत होते.

शालनआत्या


हॅमिल्टन
११ नोव्हेंबर २००१

प्रिय आत्या, जय भीम.

तुझं पत्र वाचून बसमध्ये एकटीच हसले, बाजूची बाई उठून दुसरीकडे बसली.

मंडळात सांगितलं, तर म्हाताऱ्यांनी मला जवळजवळ उचलूनच घेतलं. आमचा अध्यक्ष गॉर्डी तर रडायलाच आला. तो त्या काळचा इथला लाडका पैलवान, सोनेरी केसांचा, आतोबांशी दर आठवड्याला त्याची कुस्ती लागायची. लोकांसमोर जिवावर उठायचे आणि मग एकाच गाडीत बसून रात्रभर बर्फातून पुढच्या गावाला जायचे. तो म्हणाला, महाराजासारखा सांभाळून खेळणारा माणूस नव्हता, त्याने उचलून आपटलं तरी अंथरुणावर ठेवल्यासारखं वाटायचं. माझ्यासाठी तो दर शनिवारी घरून केक आणतो. चांगला माणूस आहे.

आता खरी बातमी. इथल्या वाचनालयात मंडळाची एक भिंत आहे. दर वसंतात समारंभ करून त्या भिंतीवर दोन-तीन जुन्या पैलवानांचे फोटो लावतात आणि मंडळाच्या पुस्तकात त्यांच्यावर एक पान येतं. यंदा आतोबांचं नाव सुचवलंय! डिसेंबरात मतदान आहे.

त्यांच्याकडे आतोबांची माहिती आहे म्हणे. ती अशी: महाराजांचा जन्म पूनाच्या राजवाड्यात. बालपण खडकवासल्याच्या घनदाट अरण्यात वाघांशी कुस्ती खेळण्यात गेलं. खिळ्यांच्या गादीवर झोपतात. मी म्हटलं, हे बदलायला हवं. गॉर्डी म्हणाला, छे, किती सुंदर आहे, राहू दे. इतिहास जपणारे लोक आहेत हे, आत्या.

त्यांना आतोबांच्या वस्तू हव्यात. झगा, पगडी, बूट, काहीही. आणि आधी हे सांग, आतोबांना हे आवडेल का?

प्रियदर्शनी


पुणे
३० नोव्हेंबर २००१

प्रिय प्रियदर्शनी,

खडकवासल्याला धरण आहे. रविवारी तिथं झुंडीने येणारे लोक कणसं खाऊन बुरकुंडं पाण्यात टाकतात, त्यांना वाघ म्हणायचं असेल तर माझी हरकत नाही. खिळ्यांची गादी आमच्याकडे नाही, कापसाची आहे आणि तीसुद्धा हे गृहस्थ टोचते म्हणतात.

वस्तूंचं म्हणशील तर झग्याच्या मी उशांच्या खोळी शिवल्या, जर टोचायची म्हणून पाहुण्यांना द्यायचे. पगडीच्या कापडात श्रीखंडाचा चक्का छान बांधला जायचा. बूट भंगारवाल्याने फुकटसुद्धा नेले नाहीत. तेव्हा मंडळाला म्हणावं, महाराजांचा खजिना इंग्रजांनी लुटला.

आणि काय विचारतेस, आवडेल का! पेपरवाल्याला सांगून झालं, केमिस्टला सांगून झालं. दाढी रोज होते. काल मला म्हणाले, 'समारंभाला सुटाचं कापड घ्यावं लागंल.' तिकिटाचा पत्ता नाही आणि सुटाचं कापड!

पण तुला एक सांगते, म्हणजे कळेल. इथल्या तालमीत भिंतभर फोटो आहेत. जिंकलेल्यांचे आहेत, हरलेल्यांचे आहेत, ज्याने आयुष्यात फक्त तेल चोळून दिलं त्याचासुद्धा आहे. ह्यांचा नाही. परत आले तेव्हा वस्ताद आप्पासाहेब चारचौघांत म्हणाले होते, 'ठरवून पडणाऱ्याचा फोटो मातीजवळ लागणार नाही.' त्या दिवसापासून हे तालमीची पायरी चढलेले नाहीत. आप्पासाहेब आता ऐंशीला आले, अजून दारातल्या बाकावर बसतात. आणि हे गेले पंधरा दिवस मुद्दाम त्या रस्त्याने जातात, अगदी सावकाश, कुणी काही विचारेल म्हणून. कुणी विचारत नाही.

मला ते बघवत नाही. म्हणून मी चिडते आणि म्हणून टिंगल करते, ते तू समजून घे. जगात एका तरी भिंतीवर या माणसाचा फोटो लागू दे. पगडीसकट लागला तरी चालेल.

शालनआत्या


हॅमिल्टन
२० डिसेंबर २००१

प्रिय आत्या, जय भीम.

इथं खूप बर्फ पडलाय. मतदान पुढे गेलं. काही जुने मुद्दे निघाले आहेत, तांत्रिक स्वरूपाचे. मंडळ त्यावर विचार करतंय. आतोबांना सध्या काही सांगू नकोस. दोन ठिकाणी मुलाखती दिल्या, बघू.

तब्येतीला जप.

प्रियदर्शनी


पुणे
६ जानेवारी २००२

प्रियदर्शनी,

तुझं पत्र महापालिकेच्या उत्तरासारखं आहे. 'आपला अर्ज विचाराधीन आहे.' अशी पत्रं मी नोकरीभर वाचली, त्यांतलं खरं वाक्य नेहमी न लिहिलेलं असतं.

हे रोज पोस्टमनला जिन्यात गाठतात. त्याला चहा पाजून पाजून तो आता आमच्याकडे बसायला यायला लागलाय. मी किती दिवस 'बर्फामुळे टपाल अडकलं' म्हणू?

काय झालंय ते लिही. मी सातवी 'ब' शिकवलेली बाई आहे, मला कशाने काही होत नाही.

आत्या


हॅमिल्टन
२२ जानेवारी २००२

आत्या,

लिहिते. दोनदा फाडलंय, हे तिसरं.

मतदानाआधी एक सभासद म्हणाला, महाराजाने शेवटी दगा दिला होता, असा माणूस भिंतीवर नको. मी विचारलं, कसला दगा? तर गॉर्डीने केक कापता कापता सगळं हसत हसत सांगितलं. मला वाईट वाटेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही, हे सगळ्यात वाईट.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात गाडीतून जाताना आतोबांनी एकदा गॉर्डीला सांगितलं की मी महाराजा कसला, मला माझ्या गावच्या विहिरीचं पाणी मिळत नव्हतं. माझी आई पुण्यात रस्ते झाडायची. गॉर्डीला हे फारच आवडलं. त्याने जाऊन कुस्त्या भरवणाऱ्या मालकाला सांगितलं. मालक म्हणाला, वा! आणि त्यांनी नवीन खेळ ठरवला. कुस्तीत गॉर्डी जिंकणार. मग माईकवरून सांगणार की हा महाराजा खोटा आहे, त्याच्या देशात त्याला कुणी शिवत नाही. मग बादली आणि झाडू आणणार आणि आतोबांनी सगळ्यांसमोर रिंगण झाडायचं. पुढच्या आठवड्यात परत. असं दीड-दोन महिने. त्यानंतर लोकांना त्यांची दया येणार, मग ते गॉर्डीला हरवणार आणि लाडके होणार. गॉर्डी म्हणतो, 'आम्ही तर त्याला हिरो करणार होतो!'

आतोबांना हे कपडे बदलायच्या खोलीत ऐनवेळी सांगितलं. रिंगणात उतरले आणि खरी कुस्ती केली. गॉर्डीला पहिल्याच मिनिटाला खाली घेतला आणि उठू दिला नाही. गॉर्डीचा खांदा निसटला. तीन मोजले की कुस्ती संपते, पण पंच मोजेचना. शेवटी घंटा वाजवून मालकाने आतोबांना अपात्र ठरवलं आणि गॉर्डी जिंकला असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवसापासून कुठल्याच गावात आतोबांना काम मिळालं नाही. मोसम संपला नव्हता, आत्या.

मंडळाच्या नोंदीत ती कुस्ती 'हार' अशी आहे आणि पुढे शेरा आहे, 'भरवशाचा नाही'.

मला आता तो केक गिळवत नाही.

प्रियदर्शनी


पुणे
९ फेब्रुवारी २००२

प्रिय प्रियदर्शनी,

बरं केलंस लिहिलंस.

आधी झाडू, मग टाळ्या. काय पण उदार लोक! आम्हाला हा क्रम नवा नाही, फक्त टाळ्यांपर्यंत कधी कुणी पोचल्याचं ऐकिवात नाही. आणि तुझा तो गॉर्डी, त्याला माझ्यातर्फे विचार, तुझ्या आईच्या कामाचा खेळ कुणी लावला होता का? केक आण म्हणावं, बोलता बोलता सांग.

ह्यांना मी सरळ विचारलं. टीव्ही बंद केला आणि पुढ्यात बसले. म्हटलं, 'मोसम संपला म्हणून आलात ना?'

म्हणाले, 'पोरीनं लिवलंय व्हय.'

'झाडूचं लिहिलंय.'

म्हणाले, 'झाडायची लाज न्हवती गं. आईनं ह्याच पेठेतलं रस्ते झाडलं, त्याच्यावर मी दूध प्यालो, बदाम खाल्ले. पर ते बघून लोकांनी हसायचं, आन मी हसवायचं. तेवढं न्हाई जमलं.'

'मला का नाही सांगितलंत?'

'तू मास्तरीण. तू पत्रं लिवली असतीस तिकडं.'

हे मात्र खरं. त्याच आठवड्यात लिहिली असती.

म्हटलं, 'मालकाला कुणी सांगितलं ठाऊक आहे का?'

'गाडीत दोघंच तर होतो,' म्हणाले. म्हणजे ही गोष्ट हा माणूस सत्तावीस वर्षं पोटात ठेवून बसलाय आणि वर काय म्हणतो, 'त्याचा खांदा निसटला ते वाईट झालं. त्याला ठावं न्हवतं मी खरं धरणार म्हणून. ठरवून खेळताना समोरच्यानं त्याचं हाडूक आपल्या हवाली केलेलं असतंय.'

मला इतका संताप आला की स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसले. आप्पासाहेबांना हे नकोत, का तर खोटं खेळले. तुझ्या मंडळाला नकोत, का तर खरं खेळले. माणसाने खेळायचं तरी काय?

शालनआत्या


हॅमिल्टन
२४ फेब्रुवारी २००२

प्रिय आत्या,

मतदान झालं. आतोबांचा फोटो लावायचं ठरलं, पण एका अटीवर. त्यांनी पुण्याहून एक व्हिडिओ करून पाठवायचा. त्यात त्यांनी महाराजांच्या वेषात त्या दिवसाची गंमत सांगायची आणि शेवटी हातात झाडू घेऊन गॉर्डीला म्हणायचं, 'चल, झालं गेलं विसरू.' समारंभात तो पडद्यावर दाखवणार, लोक हसतील आणि सगळं गोड होईल. हे मला मंडळातल्या एका आजीबाईंनी गालावरून हात फिरवून सांगितलं. आतोबा हो म्हणाले तर मी विरोध करणार नाही, भिंत त्यांना किती हवी आहे ते मला ठाऊक आहे.

पण दुसरं एक करता येईल. चौऱ्याहत्तरची पानं मी याच महिन्यात टाइप करतेय. ती कुस्ती माझ्या स्क्रीनवर आहे. 'हार'च्या जागी 'जीत' करायला मला काही वेळ लागणार नाही. शेराही उडवते. जुना कागद खोक्यात गेला की परत कोण उघडतंय? सगळे इथून पुढे माझंच कॉम्प्युटरवरचं वाचणार. मे महिन्यापासून मला टोरांटोला नोकरी लागतेय, मी इथून जाणार आहे. तू फक्त हो म्हण.

प्रियदर्शनी


पुणे
१२ मार्च २००२

प्रिय प्रियदर्शनी,

खरं सांगते, तुझं पत्र वाचल्यावर माझं पहिलं उत्तर होतं, बदल. आत्ताच्या आत्ता बदल आणि त्या शेऱ्याबरोबर गॉर्डीचे सोनेरी केसही उडव. तेवढं लिहून पाकीट बंद करणार होते.

ह्यांनी हात धरला. म्हणाले, 'माझ्या सगळ्या कुस्त्यांचं निकाल कुणीतरी खोलीत बसून लावलं. आता तीबी खोलीत बसूनच लावणार व्हय? पोरीला म्हणावं, हात लावू नको.' मी म्हटलं, 'अहो, खरं तेच लिहितेय ना ती!' तर म्हणाले, 'मग जो पडला त्यानं सांगू दे.'

व्हिडिओ होणार नाही. हे मी ठरवलेलं नाही. अट वाचून दाखवल्यावर ते उठले, सुटाच्या कापडाचा नमुना आणला होता तो दुकानात परत देऊन आले आणि मग जेवायला बसले. मला वाटलं होतं, हा माणूस त्या भिंतीसाठी काहीही करेल. पस्तीस वर्षं संसार करून मी ह्यांना एवढंच ओळखलं.

सोबत त्यांचं गॉर्डीला पत्र आहे. इंग्रजी त्यांचंच. मी मास्तरीण असून एकही चूक सुधारली नाही, यावरून काय ते समज. त्यात एवढंच आहे:

'गॉर्डन, तुझा खांदा कसा आहे? थंडीत दुखत असेल. मी तुला दुखवायला नको होतं. पण मी ते गाडीत माझ्या मित्राला सांगितलं होतं, मालकाला नाही. भिंत तुमची आहे, तिच्यावर कुणालाही लावा. मला एकच पाहिजे. त्या दिवशी पाठ कुणाची टेकली, ते या मुलीला तू सांग. ती लिहून घेईल. पोपट.'

त्याच्या हातात दे. टेबलावर ठेवू नकोस, हे लोक त्यालाही नंबर देतील.

शालनआत्या


हॅमिल्टन
१३ एप्रिल २००२

प्रिय आत्या, जय भीम.

पत्र गॉर्डीच्या हातात दिलं. त्याने ते उभ्यानेच वाचलं, घडी घातली आणि टोपी तशीच टाकून बाहेर पडला. पुढचे दोन शनिवार आला नाही. बाकीचे माझ्याशी बोलेनासे झाले. एक जण तर म्हणाला, आमच्या कुस्तीत तू राजकारण आणलंस. म्हणजे झाडू आणायचा ठरवला तेव्हा ती करमणूक होती.

आज गॉर्डी आला. केक नव्हता. माझ्या खुर्चीमागे उभा राहिला आणि म्हणाला, टाइप कर. मी ती नोंद उघडली. तो सांगत गेला: 'माझे दोन्ही खांदे टेकले होते. नाताळपर्यंत मोजलं असतं तरी मी उठलो नसतो. पंचाला मोजू नको असं सांगितलेलं होतं. निकाल, ओव्हाळ विजयी.' नाव कसं लिहायचं ते मला विचारलं, एकेक अक्षर. महाराजा खोडायला लावलं.

मग म्हणाला, अजून लिही, 'त्याने ठरलेलं मोडलं.' मी भांडले. म्हटलं, ठरलेलं काय होतं ते आधी लिहा. तो म्हणाला, तेही लिही. लिहिलं, आत्या. झाडू, बादली, गाडीतलं बोलणं, सगळं. पण तेवढं वाक्य त्याने काढू दिलं नाही.

त्याने माफी मागितली नाही. मी वाट बघितली. निघताना फक्त म्हणाला, थंडीत दुखतो म्हणून कळव.

भिंतीचं झालं नाही. मंडळाने अट मागे घेतली नाही. पुन्हा मत घेतलं तेव्हा गॉर्डीने एकट्याने आतोबांच्या बाजूने हात वर केला, तोही खांद्यापर्यंतच येतो. त्यांच्या जागी एका अस्वलाचा फोटो लागतोय. खरोखरचं अस्वल, कुस्ती खेळायचं म्हणे. हे मी बनवून सांगत नाहीये.

नोंदीची छापील प्रत सोबत आहे. आतोबांना सांग, मी हात लावला नाही.

प्रियदर्शनी


पुणे
२८ एप्रिल २००२

प्रिय प्रियदर्शनी, जय भीम.

अस्वलाचं अभिनंदन कर. त्याला पगडी घालणार आहेत का?

तुझा कागद ह्यांनी खिडकीपाशी नेऊन वाचला. ठरलेलं मोडलं, तिथं बोट ठेवून म्हणाले, 'बरोबर लिवलंय.' माझा पुन्हा डब्यांकडे जायचा विचार होता, पण तेवढ्यात त्यांनी धुतलेला सदरा मागितला. कागद खिशात घातला आणि बाहेर पडले. मी भाजीची पिशवी घेऊन मागोमाग निघाले. घरात भाजी भरपूर होती.

सरळ तालमीत गेले. पायरी चढले. आप्पासाहेब बाकावर होते. म्हणाले, 'काय पोपटराव, वाट चुकला?'

ह्यांनी कागद पुढे केला. आप्पासाहेबांना इंग्रजी येत नाही, म्हणून मला बोलावलं. मी तिथं उभी राहून सगळं मराठीत सांगितलं, विहिरीपासून खांद्यापर्यंत, एक शब्द गाळला नाही. आतली पोरं जोर मारायची थांबली. मी शाळेत इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते.

आप्पासाहेबांनी ऐकलं. कागद उलटा करून मागे काही आहे का बघितलं. म्हातारा सहजासहजी वाकणारा नाही. म्हणाला, 'पाच वर्षं होतास तिकडं. आठवड्याला चार-चार कुस्त्या. आणि जिंकलास त्यातली एक?'

ह्यांनी कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, 'लढलो एकच, आप्पा.'

तुझी
शालनआत्या